कच्चे कोणते, पक्के कोणते? ठोकीव मातीच्या भिंतीची कैफियत

१/
मे महिन्यात आजोळी होतो. लातूर जिल्ह्यातील गाव, धाब्याचे घर, दोन हात रुंदीची भिंत. घरकुलाच्या सर्वेक्षणासाठी आलेले एक कर्मचारी ओसरीतल्या भिंतीला पाठ टेकून आजीला प्रश्न विचारत होते. 'भिंत' या रकान्याशी आल्यावर त्यांनी मान वर केली नाही. 'कच्ची' या शब्दापुढे खूण करून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. बाहेर ऊन मी म्हणत होते. ज्या भिंतीच्या गारव्याला ते विसावले होते, तिच्याविषयीचा निकाल त्यांनी तिलाच टेकून दिला. आजी एवढेच म्हणाली, "कच्ची कशानं? माझ्या लग्नाच्या आधीची हाय ती."

२/
हा धागा त्या खुणेविरुद्ध आहे. त्या कर्मचाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्या हाती जो कागद दिला होता, तो त्यांनी भरला. माझे म्हणणे असे: भिंत कच्ची की पक्की हे केवळ द्रव्याच्या नावावरून ठरवणे इतिहासाला धरून नाही, बांधकामशास्त्राला धरून नाही आणि गंमत म्हणजे सरकारच्या स्वतःच्या व्याख्येलाही धरून नाही. या वादात मी एकच साक्षीदार उभा करणार आहे: ठोकीव मातीची भिंत, म्हणजेच आज वास्तुरचनाकार जिला 'रॅम्ड अर्थ' म्हणतात ती.

३/
प्रथम तंत्र समजून घेऊ. समोरासमोर दोन फळ्या उभ्या करून साचा बांधायचा. त्यात ओलसर, म्हणजे चिखल न झालेली, माती वीतभर जाडीने पसरायची आणि धुम्मसाने ठोकायची. ठोकता ठोकता थर दबतो, धुम्मसाचा आवाज बदलतो, माती हाताला टणक लागते. मग पुढचा थर. साचा भरला की फळ्या सोडवून पुढे सरकवायच्या. भिंत सुकण्याची वाट पाहत साचा अडकून पडत नाही. फळ्या निघाल्या की उभ्या भिंतीवर आडव्या थरांच्या रेघा दिसतात, नदीकाठची दरड कापल्यावर दिसतात तशा.

४/
वाटेल ती माती मात्र चालत नाही. वाळू आणि बारीक खडी हा तिचा सांगाडा असतो, चिकणमाती हा बांधणारा अंश. चिकणमाती कमी पडली तर भिंत भुरभुरते. जास्त झाली तर सुकताना तडकते. ओलाव्याची परीक्षा तर कोणालाही घरी करता येईल. मूठभर मातीचा गोळा वळायचा आणि छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडायचा. पीठ झाले तर माती कोरडी, तसाच चपटा बसला तर जास्त ओली, चार-पाच तुकडे झाले तर योग्य. प्रयोगशाळा नसतानाही ही परीक्षा होती. 'अडाणी तंत्र' म्हणणाऱ्यांनी ती एकदा करून पाहावी.

५/
आता एक खुलासा. माझ्या आजीची भिंत ठोकीव मातीची नाही. ती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांची आहे. कच्च्या विटांची भिंत निराळी, कुडाला चिखल लिंपून केलेली निराळी, साच्याविना ओल्या मातीचे थर चढवून केलेली निराळी. येमेनमधील शिबामच्या उंच इमारती कच्च्या विटांच्या आहेत. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मातीच्या बुटक्या भिंतींची घरे सापडली, पण म्हणून ती ठोकीव ठरत नाहीत. भार पेलण्याची रीत, पावसाला आणि धक्क्याला दिलेले उत्तर, हे सारे प्रत्येक तंत्रात वेगळे. फॉर्ममध्ये मात्र या सगळ्यांची एकच गठडी: कच्ची.

६/
शब्दांकडे पाहू. 'पक्का'च्या मुळाशी संस्कृत 'पक्व' आहे. पिकलेले, शिजलेले, भाजलेले ते पक्के. भाजलेली वीट म्हणून पक्की, न भाजलेली ती कच्ची. म्हणजे मुळात हे प्रक्रियेचे वर्णन होते. कच्चा शेर आणि पक्का शेर, कच्ची नोंद आणि पक्की नोंद या जोड्यांत तोच शब्द मोजमापाकडे आणि खात्रीकडे सरकला. कंपनीच्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी दोन्ही शब्द उचलले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात दोहोंच्या नोंदी आहेत. हा भेद इंग्रजांनी निर्माण केला असे मी म्हणत नाही. तो आपलाच आहे. पण वर्णनाचा शब्द आज लायकीचा शब्द झाला आहे. घर 'कच्चे' म्हटले की घरातला माणूसही कच्चा ठरतो.

७/
आता साक्षी. पहिली रोमची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील थोरल्या प्लिनीने आपल्या 'नॅचरल हिस्टरी' या ग्रंथात आफ्रिका आणि स्पेनमधील अशा भिंतींचे वर्णन केले आहे. दोन फळ्यांमध्ये माती दाबून त्या उभारतात, पाऊस, वारा आणि आग यांना त्या दाद देत नाहीत, आणि हॅनिबलने स्पेनच्या डोंगरमाथ्यांवर बांधलेले मातीचे टेहळणी बुरूज अजून दिसतात, असा त्याच्या सांगण्याचा आशय. हॅनिबल आणि प्लिनी यांच्यात सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. आणि हे लिहिणारा माणूस त्या रोमचा होता, जिचे काँक्रीट आजही जगाला थक्क करते. त्याला मातीची लाज वाटली नाही.

८/
दुसरी साक्ष चीनची. तिथे या तंत्राला 'हांगतू' म्हणतात. शांग काळातील झेंगझोऊ नगराचा सुमारे ७ किलोमीटर घेराचा तट ठोकीव मातीचा आहे. तो साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा असून आजच्या गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी त्याचे अवशेष उभे आहेत. उत्खननात एकेका थरावर धुम्मसाचे ठसे दिसले. 'चीनची भिंत' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बीजिंगजवळची दगड-विटांची भिंत येते. पण पश्चिमेकडे वाळवंटात गेल्यावर त्याच भिंतीचे लांबच लांब पट्टे ठोकीव मातीचे आहेत. साम्राज्याची सीमा राखायला जी माती पुरेशी पक्की होती, ती शेतकऱ्याच्या न्हाणीघराला अपुरी कशी?

९/
तिसरी साक्ष माझी विशेष आवडती, कारण ती इतिहासकाराची आहे. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'मध्ये गवंडीकामाविषयी लिहिताना हे तंत्र तपशिलाने सांगितले आहे. दोन फळ्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि दोर, मध्ये चुना मिसळलेली माती, मग ठोकणे, मग फळ्या पुढे सरकवणे. या भिंतीचे नाव तो 'ताबिया' असे देतो. स्पॅनिश 'तापिया' आणि पोर्तुगीज 'ताइपा' हे त्याच तंत्राचे शब्द. ग्रानाडाच्या अल्हाम्ब्राचे नक्षीकाम आपण छायाचित्रांत पाहतो. त्याच्या तटबंदीचा मोठा भाग मात्र ठोकीव मातीचा आहे.

१०/
"हे सगळे राजांचे तट झाले, घरांचे काय?" असा प्रश्न कोणी करील. फूजियान प्रांतातील 'तुलोउ' पाहा. पंधराव्या ते विसाव्या शतकांत बांधलेली ही गोल किंवा चौकोनी, कित्येक मजली सामूहिक घरे. बाहेरून ठोकीव मातीची जाड भिंत, आत लाकडी सज्जे आणि मध्ये अंगण. एकेका घरात आख्खे कुळ राही. मोठ्या तुलोउंत ८०० माणसांपर्यंत. त्यांपैकी ४६ वास्तूंना युनेस्कोने २००८ साली जागतिक वारसास्थळ घोषित केले. आपल्या रकान्यात मात्र या वास्तूंपुढेही 'कच्ची' अशीच खूण झाली असती.

११/
आता युरोप. फ्रान्समधील ल्यों शहराच्या परिसरात या तंत्राला 'पिझे' म्हणत. तिथल्याच फ्रान्स्वा क्वांतरो (१७४०-१८३०) या बांधकाम व्यावसायिकाने ते आयुष्यभराचे व्रत केले. गवताने शाकारलेली लाकडी घरे पेटली की गावेच्या गावे जळत. माती जळत नाही, हा त्याचा साधा युक्तिवाद. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९०-९१ साली, त्याने पॅरिसमध्ये ग्रामीण वास्तुविद्येवरील आपल्या पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्या अनेक भाषांत गेल्या. १७९७ साली हेन्री हॉलंड या नामांकित वास्तुरचनाकाराने त्यांचा सारांश इंग्रजीत आणला. शेतकऱ्याला राजवाड्याच्या तोडीचे टिकाऊ घर मिळाले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. पिझे हा त्याच्यासाठी नागरिकत्वाचा प्रश्न होता.

१२/
क्वांतरोच्या विचाराचे फळ पाहायचे असेल तर जर्मनीतील वाइलबुर्ग गावी जावे. तिथे १८२०च्या दशकात ठोकीव मातीचे सहा मजली निवासी घर बांधले गेले. तळाशी सुमारे ७५ सेंटिमीटर जाड असलेली भिंत वर जाता जाता पातळ होत जाते. दोनशे वर्षे होत आली. दोन महायुद्धे त्या देशावरून गेली. घर उभे आहे आणि त्यात माणसे राहतात. वाइलबुर्गला पाऊस पडतो, बर्फही पडते.

१३/
मग हे तंत्र मागे का पडले? 'ते निकृष्ट ठरले म्हणून' हे सोपे उत्तर कालक्रमाशी जुळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विटा-लाकडाची टंचाई झाली, तेव्हा क्लॉ विल्यम्स-एलिस याने १९१९ साली मातीच्या घरांवर पुस्तक लिहिले. महामंदीत अमेरिकी सरकारने अलाबामात ठोकीव मातीची काही घरे बांधून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत माती पुन्हा आठवली; १९५१ साली तिच्यासाठी मानक निघाले आणि सिमेंट-विटांची सुबत्ता आल्यावर, १९७१ साली, ते कालबाह्य म्हणून मागे घेतले गेले. संकटात आठवण, सुबत्तेत विस्मरण. म्हणूनच माती ही कायम 'अडचणीच्या दिवसांची' म्हणून स्मरणात राहिली. टंचाईत वापरली गेली, एवढ्याने ती दरिद्री ठरली.

१४/
हेच आपल्याकडेही घडले, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. फाळणीनंतर पूर्व पंजाबात निर्वासितांचे लोंढे आले. घरे हवी होती, तीही तातडीने. १९४८च्या सुमारास कर्नालला थोडे सिमेंट मिसळलेल्या ठोकीव मातीची हजारो घरे बांधण्यात आली. वर्मा आणि मेहरा या अभियंत्यांनी त्या कामाचा वृत्तांत १९५० साली 'इंडियन काँक्रीट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. नियतकालिकाचे नाव पुन्हा वाचा. काँक्रीटच्या मुखपत्रात मातीच्या भिंतीची शास्त्रशुद्ध मांडणी करणारे अभियंते आपल्याकडे होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या गृहनिर्माण-प्रयोगांपैकी एक मातीचा होता.

१५/
पुढे भारतीय मानक संस्थेने सिमेंटमिश्रित मातीच्या जागच्या जागी ठोकलेल्या भिंतींसाठी स्वतंत्र संहिताही काढली: आय.एस. २११०, सुधारित आवृत्ती १९८०. मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढवण्यासाठी १९९३ साली आय.एस. १३८२७ ही मार्गदर्शक तत्त्वे आली. म्हणजे या देशाने ही भिंत बांधली, तपासली आणि तिच्यासाठी नियमही लिहिले. एका हाताने नियम लिहिले आणि दुसऱ्या हाताने तीच भिंत 'कच्ची'च्या रकान्यात टाकली. या विसंगतीला दुसरे नाव काय द्यावे?

१६/
ही विसंगती इथेच थांबत नाही. ग्रामीण भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक आराखड्यात पक्क्या घराची व्याख्या आहे. तिचा आशय असा: वापराची आणि हवामानासह निसर्गाची झीज सोसून, वाजवी देखभाल केल्यास, किमान ३० वर्षे टिकेल ते पक्के. ही उत्तम व्याख्या आहे. तिच्या केंद्रस्थानी टिकाऊपणा आहे. या कसोटीवर वाइलबुर्गचे घर पक्के, तुलोउ पक्के. पण व्याख्या कागदावर राहते आणि रकाना गावात जातो. रकान्याला वर्षे मोजता येत नाहीत, त्याला फक्त 'माती' हा शब्द वाचता येतो.

१७/
आता विरुद्ध बाजू. पहिला आक्षेप मराठी माणसाच्या तोंडी आपसूक येतो: "किल्लारी विसरलात?" विसरणे शक्य नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमच्या घरात काय झाले हे मी आईकडून शेकडो वेळा ऐकले आहे. हजारो माणसे झोपेत भिंतींखाली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या पहाटेनंतर मराठवाड्यात 'मातीचे घर' हा शब्द मृत्यूशी बांधला गेला, आणि ज्यांनी माणसे गमावली त्यांच्यापुढे वास्तुशास्त्राचे व्याख्यान झोडण्याचा अधिकार मला नाही.

१८/
पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारलाच पाहिजे: पडले ते नेमके काय? पडल्या त्या मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड बहुधा नाहीत. धक्का बसताच हे थर एकमेकांपासून सुटले. वर धाब्याचे अतोनात ओझे, कारण गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीवर माती चढत गेली होती. म्हणजे दोष सांधणीचा होता आणि वजनाचा होता. किल्लारीने न बांधलेल्या दगडांना दोषी ठरवले. आपण शिक्षा मातीला सुनावली.

१९/
याचा अर्थ ठोकीव भिंत भूकंपात अभेद्य असते, असा मुळीच नाही. ती जड असते आणि ताण सोसण्यात दुबळी. कोपऱ्यांवर, खिडक्यांच्या वर तिला तडे जातात. भूतानमध्ये २००९ आणि २०११च्या भूकंपांत अशा घरांचे मोठे नुकसान झाले. तिथले लोकही काँक्रीटकडे वळू लागले. परंतु तिथल्या शासनाने जपानी अभ्यासकांच्या साहाय्याने पूर्ण आकाराच्या मातीच्या इमारतींवर चाचण्या घेतल्या आणि या भिंतीला बळकटी कशी देता येईल याचा शोध घेतला. आडवे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी, हलके छप्पर: उपाय आहेत आणि आपल्या १९९३च्या तत्त्वांतही ते आहेत. त्यांनी विचारले, "ही कशी सावरता येईल?" आपण विचारले, "हिच्याऐवजी काय?"

२०/
दुसरा आक्षेप पावसाचा. तो खरा आहे. मातीच्या भिंतीचे दोन शत्रू: खालून चढणारी ओल आणि वरून लागणारी झड. म्हणून खाली दगडी जोते आणि वर रुंद वळचण हवीच. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या पाहिजेत. कोकणातल्या आडव्या पावसात उघडी ठोकीव भिंत उभी करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. तिथे जांभा आहे, त्याचा मान त्याला द्यावा. पण मराठवाडा, खानदेश, विदर्भाचा बराच भाग आणि सोलापूर-नगरचा पट्टा इथला मुख्य शत्रू उन्हाळा आहे. जाड मातीची भिंत दुपारचे ऊन कित्येक तास आत येऊ देत नाही. पातळ भिंतीवरचा तापलेला स्लॅब रात्रभर काय करतो, हे मे महिन्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्यांना विचारा.

२१/
तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो माझ्या घरातूनच आला. आजीला स्लॅबचे घर हवे आहे. तिची कारणे मी ऐकली आहेत. साठ वर्षे दर दिवाळीला लिंपण आणि दर आठवड्याला सारवण तिने केले. त्या गारव्याची किंमत तिच्या कमरेने मोजली. उंदीर, वाळवी, पावसाळ्यात धाब्यावर चढून मुरूम टाकणे. आणि मामेभावाच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी घराकडे टाकलेली नजर. शहरात पंख्याखाली बसून 'मातीचा सुगंध' आळवणाऱ्या नातवाने तिला काय सांगावे? मी काही सांगितले नाही. पण तिच्यापुढे पर्याय दोनच ठेवले गेले: आहे ती झिजलेली भिंत किंवा सिमेंट. चांगली मातीची भिंत हा तिसरा पर्याय तिला कोणी दाखवलाच नाही.

२२/
तो तिसरा पर्याय अस्तित्वात नाही असे थोडेच आहे? तो मोठ्या शहरांबाहेरच्या शेतघरांत आहे. तिथे ठोकीव मातीच्या भिंतीवर खास दिवे सोडलेले असतात, थरांच्या रेघांचे कौतुक होते, मासिकांत पानभर छायाचित्रे येतात, आणि चौरस फुटाचा दर ऐकून आमच्या गावची माणसे हसतील. मातीच्या भिंती धनिकाच्या घरात 'शाश्वत', शेतमजुराच्या घरात 'कच्च्या'. माती बदललेली नाही. मालक बदलला आहे. जो भेद द्रव्याचा म्हणून मिरवला जातो, तो वस्तुतः वर्गाचा आहे. आणि ज्या समाजात घराच्या जागेवरून आणि भिंतीवरून जात ओळखली जात आली, तिथे तो नुसता वर्गाचाही नाही.

२३/
आता थोडे आपल्याच गोटातल्यांशी. "आमचे पूर्वज मातीची हजार वर्षे टिकणारी घरे बांधत, सिमेंट ही पाश्चात्त्यांची फसवणूक" अशा मजकुराच्या चित्रफिती रोज फिरतात. मित्रहो, ही बाजू घेऊ नका. आज जे उभे दिसते ते टिकलेले आहे. जे पडले ते मोजायला शिल्लक नाही. बहुसंख्य मातीची घरे पडली, पुन्हा बांधली गेली, पुन्हा पडली. चीनच्या तटांमागे सक्तीने राबवलेली माणसे होती. आपल्या घरांतल्या गारव्यामागे बायकांचे विनामोल श्रम होते. सिमेंटने कैक गरिबांना पहिल्यांदाच न गळणारे छप्पर दिले, हेही लिहून ठेवले पाहिजे. पूर्वजांची आरती आणि पूर्वजांची हेटाळणी, दोहोंतही अभ्यासाला सुट्टीच मिळते.

२४/
तरीही सिमेंटचा हिशेब मांडायलाच हवा. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात सिमेंट उत्पादनाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के मानला जातो. वीटभट्टी शेतातली वरची सुपीक माती घेते आणि ती भाजण्यासाठी इंधन जाळते. ठोकीव मातीतही पुष्कळदा ५ ते १० टक्के सिमेंट मिसळतात. तेव्हा 'निसर्गस्नेही' अशी पाटी लावणाऱ्यांनाही हिशेब विचारावा. पण तेही खऱ्या आकड्यांवर आणि खऱ्या तुलनेवर. 'माती म्हणजे पवित्र' हेही नको आणि 'माती म्हणजे कच्ची' हेही नको.

२५/
मराठी मुलखाला हा विवेक नवा नाही. आपल्या गावगाड्याच्या भाषेत 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. पिकाला वरदान, भिंतीला शाप. पांढरी तशी नाही; आपल्या कित्येक गढ्या पांढऱ्या मातीच्याच आहेत. कोणती माती पेरायची आणि कोणत्या मातीत राहायचे, हा भेद आपण दोन शब्दांत साठवून ठेवला. जिला मातीचे एवढे तारतम्य होते, त्या भाषेत आज सर्व मातीसाठी एकच विशेषण उरले आहे, याचा मला राग आहे. या धाग्याचे मूळ त्या रागात आहे.

२६/
मागणे फार मोठे नाही. सर्वेक्षणात 'माती' हा एकच रकाना नको. दगड-माती, कच्ची वीट, कूड आणि ठोकीव माती अशी तंत्रांची वेगळी नोंद हवी. घरकुलाच्या पैशातून प्रमाणित ठोकीव भिंत बांधू इच्छिणाऱ्याला आय.एस. २११०च्या आधारे रीतसर मान्यता मिळावी, आणि ती तपासू शकेल असा एक तरी प्रशिक्षित अभियंता तालुक्याला असावा. गवंड्यांना हे तंत्र शिकवले जावे आणि त्याची मजुरी चांगली असावी. मग ज्याला स्लॅब हवा त्याने खुशाल स्लॅब घालावा. निवड खरी असली की तक्रार उरणार नाही.

२७/
आणि तुमच्याकडे एक मागणे. गड-किल्ल्यांवर आपण जातोच. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पडक्या वाड्यापुढे, गढीपुढे किंवा स्वतःच्या आजोळच्या भिंतीपुढे दहा मिनिटे थांबा. थर दिसतात का? फळ्यांचे ठसे आहेत का? आतला दगड बाहेरच्या दगडाला बांधला आहे का? माती कुठून आणली, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून ठेवा. राजांच्या तटांच्या नोंदी पुष्कळ झाल्या. घरांच्या भिंती नोंद होण्याआधीच पाडल्या जात आहेत.

२८/
आजीचे नाव यादीत आले तर ही भिंत पुढच्या वर्षी पडेल. मी आडवा येणार नाही. ते घर तिचे आहे. त्या संध्याकाळी मी तिला विचारले, पाडल्यावर एवढ्या मातीचे काय करशील? तिला उत्तर शोधावे लागले नाही. म्हणाली, "वावरात टाकायची. पांढरीची माती लई चांगली असती पिकाला." सत्तरहून अधिक वर्षे घर उभे करून ती माती शेतात परत जाईल. दगड नव्या जोत्याला लागतील. फॉर्मवर मात्र तिची शेवटची नोंद तीच राहील: कच्ची.

(धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडा. फक्त भिंत कोणत्या तंत्राची, ते आधी सांगा.)